बिनडोळ्यांचा गणपती आणि रोह्याची हजेरी

घराबाहेर पडताना मी गॅस पाहते, नळ पाहते, खिडक्या पाहते, कुलूप ओढून पाहते, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा गॅसपासून सुरुवात करते. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यातला लूप बंदच पडत नाही. त्याचं काही खोटं नाही. माझा धंदाच तो होता. रांगेतल्या एकेकापाशी जायचं, त्याचं जे काम असेल ते उरकायचं आणि पुढच्याकडे वळायचं. मधला कोणी सुटला की मी परत पहिल्यापासून मोजते, मग ती लग्नातली पंगत असो नाहीतर दोरीवरचे कपडे.

या अंकाच्या संपादकांनी 'कॉम्प्युटरवाल्या बाईंचा अनुभव' मागितला आणि वर बजावलं, 'सगळ्यांना कळेल असं लिहा हं.' जणू मी एरवी कोणाला कळू नये म्हणूनच बोलते! असो. कळेल असंच लिहिते.

पेणला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत माझं ऑफिस होतं. खाली मोरूदादांचा गणपतीचा कारखाना आणि वर दोन खोल्यांत मी. माती आणि रंगाची धूळ जिन्यावरून वर यायची आणि माझ्या मशीनच्या पंख्यात जाऊन बसायची. महिन्यातून एकदा मशीन उघडलं की आत पांढरा थर. मोरूदादा म्हणायचे, 'ताई, तुमच्या डब्यात पण बाप्पा घडतोय.' मी वैतागायचे, पण भाडं इतकं कमी होतं की भांडण लांबवण्यात अर्थ नव्हता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. पोह्याचे पापड करणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं, त्याच्या प्रमुख शालनकाकू. त्यांना बायकांच्या हजेरीचा प्रोग्रॅम हवा होता. मी करून दिला, तर आठवड्याभरात परत आल्या. म्हणाल्या, 'दर येळी पयलं नाव सुमनचं येतं. बाकीच्या फुगून बसतात. तुझ्या मशीनला सांग, दर आठवड्याला येगळ्या बाईपासून सुरू कर.' मी हसले, मग बसून विचार केला. यादी तीच ठेवायची, तिच्यातून नावं घेत फिरणारा प्रोग्रॅम मात्र दर वेळी दुसऱ्याच ठिकाणाहून निघेल आणि गोल फिरून तिथेच परत येईल. कोणाचं नाव सुटणार नाही आणि रुसवाही उरणार नाही. मोठ्या शहरातल्या कोणत्या इंजिनियरला अशी अट कोणी घातली असेल असं मला वाटत नाही. मला ते काम अजून आवडतं.

आता थोडं शिकवते, कंटाळू नका. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये ऑब्जेक्ट म्हणजे अशी वस्तू, जिला स्वतःची माहिती असते आणि स्वतःपुरती कामं येतात. हजेरीतला माणूस हा एक ऑब्जेक्ट. त्याला नाव आहे, कार्ड आहे, आणि 'तू बाहेर आलास का?' असं विचारलं तर तो हो किंवा नाही सांगू शकतो. असे पुष्कळ ऑब्जेक्ट ओळीने ठेवले की झाली यादी. त्या यादीतून फिरायचं कसं, यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, पण मी नवशिक्यांना खाली कारखान्यात घेऊन जायचे. मोरूदादांच्या मूर्ती कुठे फळ्यांवर, कुठे माळ्यावर, कुठे शेजाऱ्याच्या पडवीत. गिऱ्हाईक दारात उभं राहून दोनच गोष्टी विचारतं. अजून आहेत का? असतील तर पुढची दाखवा. माळ्यावर काय पसारा आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. यादीलाही असा एक 'पुढचा देणारा' मिळतो, त्याला इटरेटर म्हणतात. तो शहाणा असतो. आपण ओळीतून जात असताना मध्येच कोणी ओळ विस्कटली, तर तो ओरडतो आणि काम थांबवतो.

पण सगळे त्याला बोलावत नाहीत. बरेच जण नुसत्या जागा मोजत जातात. पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी जागा. रोह्याला नेमकं हेच झालं होतं.

रोह्याजवळ धाटावला एका रसायनांच्या कंपनीत माझ्याकडे देखभालीचं काम होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथला हजेरीचा प्रोग्रॅम आधीच्या कोणीतरी लिहिलेला आणि लिहून निघून गेलेला. गेटवर कार्ड दाखवून आत गेलात की तुमचं नाव यादीच्या शेवटी लागायचं. गॅस सुटला, भोंगा वाजला, की सगळ्यांनी मैदानातल्या हिरव्या पाटीखाली जमायचं आणि तिथल्या यंत्राला कार्ड दाखवायचं. मग सेफ्टी ऑफिसर बटण दाबणार, आणि प्रोग्रॅम यादीतून फिरणार. जो बाहेर आलाय त्याचं नाव यादीतून काढणार, जो आलेला नाही त्याचं नाव पडद्यावर लाल अक्षरांत दाखवणार. लाल नाव दिसलं की शोधपथक तोंडाला मास्क लावून आत जाणार.

सेफ्टी ऑफिसर होते फैयाजभाई. मुरुडकडचे, पुष्कळ वर्षं आखातात काढून परत आलेले. तिथल्या कारखान्यात नावं पुकारून हजेरी व्हायची. एकदा खऱ्या अपघातात कोणीतरी सवयीने दोस्ताच्या नावाला 'हाजिर' म्हणून मोकळा झाला, आणि तो दोस्त आतच राहिला. फैयाजभाई त्याच्याविषयी एकदाच बोलले, नंतर कधीच नाही. म्हणून त्यांचा पडद्यावर भारी विश्वास. 'मॅडम, मशीन दोस्ती निभावत नाय,' असं म्हणायचे. आल्या आल्या त्यांनी पुकारा बंद करून टाकला होता.

आता त्या बिनडोळ्यांच्या गणपतीकडे येते.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोरूदादांची बायको कुंदा डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीचं सगळं काम झालं की शेवटी डोळे, आणि ते फक्त तिच्याच हातचे. एका लांब फळीवर मूर्ती ओळीने मांडलेल्या, कुंदा हातात कुंचला घेऊन एकीवरून दुसरीवर सरकत चाललेली. दारात गिऱ्हाइकांची झुंबड. मी जिन्याच्या पायरीवर चहा घेत बसले होते, म्हणजे खरं तर वर जायला वाट मिळत नव्हती म्हणून अडकले होते.

दुपारी कुंदाचा भाऊ अनंता आपल्या घरचा गणपती घेऊन गेला, गागोद्याला. रिवाजाप्रमाणे मूर्तीचं तोंड रुमालाने झाकलेलं. संध्याकाळच्या आत, मी पायरीवरच दुसरा चहा घेत असताना, तो तीच मूर्ती छातीशी धरून परत आला. घामाघूम झालेला, चेहरा उतरलेला.

'अगो कुंदे, हे काय केलंस गो? आयनं रुमाल काढला न् ती खालीच बसली. देवाला डोलेच नायत!'

दारातली झुंबड मूर्तीभोवती गोळा झाली. कुंदाने रुमाल बाजूला केला. डोळ्यांच्या जागी नुसता कोरा पांढरा रंग. तिने बोटाने चाचपून पाहिलं. मग रडवेली होऊन म्हणाली, 'नाय रं दादा, मी सगल्यांना काढले. एक पण सोडली नाय. या हातांनी काढले.'

'मग हा काय आपसूक आंधला झाला?'

मोरूदादा कपाळाला हात लावून उभे होते. 'ही वळीत होती. मीच काढून दिली,' म्हणाले. 'आख्खी वळ झाली असं कुंदाच बोलली.'

कोणीच खोटं बोलत नव्हतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त पाहिलं तेव्हा मला दिसलं नव्हतं. कुंदाने एका मूर्तीचे डोळे पुरे केले होते, आणि नेमकं तेव्हाच त्या मूर्तीचं गिऱ्हाईक दारात ओरडत होतं. मोरूदादांनी ती मूर्ती उचलून दिली, आणि फळीवर भोक दिसू नये म्हणून मागच्या सगळ्या मूर्ती एकेक जागा पुढे सरकवल्या. ही त्यांची जुनी सवय, फळी भरलेली दिसली पाहिजे. कुंदा रंगात कुंचला बुडवून वळली आणि सवयीने पुढच्या जागेवर गेली. पण जिची पाळी होती ती मूर्ती तर सरकून आधीच्या, झालेल्या जागेवर येऊन बसली होती. तिला वाटलं ती झाली. ती झालेली नव्हती.

कुंदाने तिथेच, अनंताच्या हातात मूर्ती असतानाच, डोळे काढले. अनंताने श्वास रोखून धरला होता. सगळे हात जोडून उभे होते. मी एकटी तशीच उभी होते, कारण माझ्या हातातला चहा सांडत होता आणि मला धाटावची यादी दिसत होती.

जो बाहेर आला त्याचं नाव काढा. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. प्रोग्रॅम पुढच्या जागेवर जातो. मधला माणूस सुटतो. त्याला कोणी विचारतच नाही, तू आलास का म्हणून. तो बाहेर उभा असेल तर काही बिघडत नाही. तो आत पडला असेल तर पडदा कोरा.

आणि मोरूदादांनी मूर्ती एकदाच सरकवली होती. मशीन दर वेळी न चुकता सरकवतं. म्हणजे सगळे बाहेर येत असले तर एकाआड एक माणूस सुटणार.

इतक्या ड्रिल, म्हणजे भोंगा वाजवून केलेल्या तालमी, झाल्या, तेव्हा कसं कळलं नाही? मी जिना चढता चढता स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर आलं तेव्हा मधल्याच पायरीवर बसले. ड्रिलमध्ये सगळेच बाहेर येतात. मग कोणालाही विचारा किंवा विचारू नका, पडदा कोराच राहणार, आणि कोरा पडदा म्हणजे सगळं ठीक. तो प्रोग्रॅम प्रत्येक परीक्षेत पहिला येणार होता, आणि खरी वेळ आली की नापास.

गौरी-गणपती झाले की धाटावला शटडाऊन होतं. महिनाभर प्लँट बंद, टाक्या आतून धुवायच्या, कंत्राटदाराची शेकडो माणसं आत. अनंता त्यातलाच एक. तो टाकीत उतरणारा होता.

ते सणाचे दिवस कसे गेले विचारू नका. आरतीला उभी राहिले तरी मनात यादी. कंपनी सुट्टीवर, फैयाजभाईंचा फोन बंद. मी माझ्या लॅपटॉपवर खोटी नावं घालून प्रोग्रॅम चालवला. निम्मी नावं गाळली त्याने. मोदक करताना नवऱ्याने विचारलं, एकेक मोदक परत परत का मोजतेस, तर मी त्याच्यावर खेकसले.

कंपनी उघडली त्या सकाळी मी पेणहून निघाले. नागोठण्यापर्यंत रस्त्याची दशा तुम्हाला ठाऊक आहे. निडीच्या पुढे गाडी थोडी पळायला लागली तोवर माझ्या नखांची वाट लागली होती.

फैयाजभाईंनी गेटबाहेरच्या आपल्या खोलीत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मॅडम, तुमच्या लॅपटॉपवर काय पन होऊ शकतं. इथं आजपर्यंत एक पन ड्रिलमध्ये गडबड नाय.'

'म्हणूनच तर!' मी म्हणाले. 'ड्रिलमध्ये सगळे बाहेर येतात.'

'ते तर चांगलंच हाय ना?'

'पुढच्या ड्रिलला एक माणूस मुद्दाम आत ठेवा.'

'नियमात बसत नाय. ड्रिलमध्ये सगळे बाहेर, असा नियम हाय.' मग जरा नरमाईने म्हणाले, 'प्रोग्रॅम बदलायला हेड ऑफिसची परवानगी लागते. शटडाऊन संपल्यावर बघू. आज नव्या माणसांची ड्रिल हाय, तुम्ही पन बघा. तुमची शंका फिटेल.'

शटडाऊन संपल्यावर! मला इतका राग आला की तोंड उघडलं असतं तर काहीतरी अभद्र बोलले असते. मी बाहेर गेटवर आले, पाहुण्यांचं कार्ड घेतलं आणि अनंताच्या मागे रांगेत उभी राहिले. त्याच्या मागोमाग माझं नाव यादीत लागलं. भोंगा वाजेपर्यंत मी इमारतीत, ट्रेनिंगच्या खोलीत जाऊन बसले. तिच्या खिडकीतून मैदान दिसतं.

भोंगा वाजला. माणसं धावत बाहेर गेली, जिन्यावर बुटांचे आवाज झाले आणि मग इमारत रिकामी झाली. मी खुर्चीवर हात दाबून बसले. इतक्या वर्षांत स्वस्थ बसणं मला कधी इतकं कठीण गेलं नव्हतं. पाय आपोआप उठत होते. खिडकीतून हिरव्या पाटीखाली जमलेली गर्दी दिसत होती, अनंता डोक्यावरचं हेल्मेट नीट करत होता. एकाआड एक. माझं नाव विचारलं जाणाऱ्यांत पडलं होतं की सुटणाऱ्यांत, हे मला सांगता येत नव्हतं. छापा की काटा. विचारलं गेलं तर लाल अक्षरात माझं नाव येणार, पथक येणार, आणि मी जन्मभर धाटावची वेडी बाई ठरणार.

आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. मी सिद्ध करायला बसले होते की आपल्याला कोणी शोधायला येणार नाही, आणि माझे कान जिन्याकडे लागले होते. कोणीतरी यावं. कोणीही. दारावर थाप मारावी, 'आत कोण हाय का?' असं ओरडावं. मी सुटलेलं नाव आहे, हे मला पटायला नको होतं.

मैदानात फैयाजभाईंनी बटण दाबलं. पडद्याकडे पाहिलं. अंगठा वर केला.

सुटकेचा भोंगा वाजला. माणसं हसत, बोलत परत फिरली. कोणीतरी चहाची किटली आणली. अनंता कोणाला तरी टाळी देत होता. मी तिथेच बसून होते, आणि मला रडू आलं. जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. भीती वाटली, बस.

फैयाजभाई जिना चढून वर आले. दाराशी मला पाहून थांबले.

'तुम्ही कधी आलात वर?'

'मी खाली गेलेच नव्हते.'

त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन पाहिलं, आत गेल्याची नोंद आहे की नाही ते. होती. ते समोरच्या बाकावर बसले. मग इतकंच म्हणाले, 'या अल्ला. मी अंगठा दाखवला.'

त्यानंतर त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही. हजेरी नीट होईपर्यंत टाकीत उतरायचं परमिट देणार नाही, असं त्यांनी हेड ऑफिसला फोनवर सांगून टाकलं, आणि जुन्या पद्धतीचा पुकाराही पुन्हा सुरू केला. कंत्राटदार भडकला. अनंता गेटवर भेटला तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाला, 'ताई, तुमच्यामुलं आजची शिफ्ट बुडली.' मी म्हटलं, 'देवाला डोळे नव्हते तेव्हा तूच आरडाओरडा केलास ना? मग आता गप्प बस.' तो हसला, पण त्याला काही कळलं असं मला वाटत नाही. मी समजावतही बसले नाही.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रोग्रॅमला यादीच्या शेवटापासून पुढे यायला लावलं. मागून पुढे येताना नाव काढलं तर जे सरकतात ते आधीच विचारून झालेले असतात, जे उरलेत ते जागचे हलत नाहीत. वर तो शहाणा इटरेटरही बसवला, आणि नाव काढायचं कामही त्याच्याच हातात दिलं, म्हणजे तो ओरडणार नाही. काम झालं तरी मी ते परत परत चालवून पाहत होते. फैयाजभाईंनी शेवटी मशीन माझ्या हातातून काढून घेतलं.

'आता ड्रिल घेऊ,' ते म्हणाले. 'आत मी बसणार.'

'तुम्ही? आणि बटण कोण दाबणार?'

'तुम्ही.'

'नियमात बसत नाही,' मी म्हणाले. ते तोवर जिन्याकडे चालायला लागले होते.

भोंगा वाजला. हिरव्या पाटीखाली सगळे जमले. अनंता माझ्या शेजारीच उभा होता. घाईत माझं बटण दोनदा चुकलं. मग पडद्यावर एकच ओळ आली, लाल अक्षरांत. फैयाजभाईंचं नाव. मी ते मोठ्याने वाचलं, गरज नसताना, आणि शोधपथक धावत सुटलं.

ते त्यांना घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. माझ्याजवळ येऊन थांबले, पडद्यावरचं आपलं नाव बघत राहिले.

'मॅडम,' ते म्हणाले, 'आत बसल्यावर टाइम संपतच नाय हो. पथकाचे बूट वाजले जिन्यावर, तेव्हा कुठं जिवात जीव आला.'

'मला काय सांगता,' मी म्हणाले. 'माझ्यासाठी तर कोणाचे बूट वाजलेच नव्हते.'